परसबागेतील पथ्यभाज्या आणि गोळा होणारा किडा : क्रिमिचिकित्सेच्या त्रिसूत्रीचा एक अभ्यास

प्रास्ताविक

रुग्णास पथ्य सांगताना पडवळ, दोडका, दुधी भोपळा, चाकवत, कोवळा मुळा या भाज्यांची नावे आपण नित्य उच्चारतो. त्या कोठून आणाव्यात, कशा वाढवलेल्या असाव्यात, याविषयी मात्र आपण क्वचितच बोलतो. अलीकडे अनेक रुग्ण गच्चीवर, अंगणात किंवा सोसायटीच्या मोकळ्या जागेत स्वतःपुरत्या भाज्या लावू लागले आहेत, आणि वैद्यांनीही त्यांस उत्तेजन द्यावे, असे आमचे मत आहे. भाजी घरची असली, तर तिच्यावर काय पडले आणि काय पडले नाही, हे खाणाऱ्यास ठाऊक असते. पथ्याच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.

परंतु परसबाग म्हटली, की कीडही आली. पावसाळ्याच्या तोंडी लावलेली कोवळी रोपे एका रात्रीत बुंध्याशी कुरतडलेली दिसतात. माती उकरावी, तर राखाडी रंगाचे, खवल्याखवल्यांचे किडे सापडतात आणि बोट लागताच त्यांची वाटोळी गोळी होते. रुग्ण आपल्यालाच विचारतो, "वैद्यबुवा, पावडर टाकू का?" हा प्रश्न बागकामाचा वाटतो खरा, पण ती पावडर ज्या भाजीवर पडणार ती भाजी आपणच पथ्य म्हणून सांगितलेली असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर वैद्यास देता आले पाहिजे.

प्रस्तुत लेखात आम्ही या किड्याची ओळख, त्याच्या उपद्रवाचे निदान व त्यावरील उपाय यांचा क्रमाने विचार करणार आहोत. मांडणीसाठी चरकसंहितेच्या विमानस्थानातील व्याधितरूपीय अध्यायात आलेली क्रिमिचिकित्सेची त्रिसूत्री, म्हणजे अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन, घेतली आहे. ती शरीरातील क्रिमींसाठी सांगितलेली आहे, बागेतील किड्यांसाठी नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. तथापि तिच्यामागील विचारपद्धती इतकी व्यापक आहे, की विद्यार्थ्यांनी ती एखाद्या अपरिचित क्षेत्रात लावून पाहिली, तर मूळ सूत्रही अधिक पक्के होते, असा आमचा अनुभव आहे.

१. किड्याची ओळख

हा प्राणी आपण सोयीसाठी 'किडा' म्हणतो. शास्त्रीय दृष्ट्या तो कीटक नव्हे. कीटकास पायांच्या तीन जोड्या असतात, यास सात असतात. खेकडा व कोळंबी ज्या कवचधारी वर्गात मोडतात, त्याच वर्गातील आयसोपोडा या गणात याचा समावेश होतो. जगभर पसरलेली याची सर्वांत परिचित जाती 'आर्माडिलिडियम वल्गॅर' ही मूळची भूमध्य समुद्राच्या परिसरातील आहे. या लेखात यापुढे त्यास 'गोळाकिडा' असे म्हणू.

याची लांबी सुमारे अर्धा ते दीड सेंटिमीटर असते. पाठीवर आडव्या खवल्यांचे कमानदार कवच असते. संकट आले, की तो अंग आत वळवून पूर्ण गोळी होतो. याचाच एक भाऊबंद दिसायला तसाच, पण चपटा असतो. त्याच्या मागील टोकास दोन लहान शेपट्या दिसतात आणि त्यास गोळी होता येत नाही. उपायांच्या दृष्टीने दोघांत भेद करण्याचे कारण नाही.

मात्र दुसऱ्या एका भेदाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या परिसरात आणि कोकणात वाणी किंवा पैसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुपाद प्राण्यांचा एक प्रकारही गोळी होतो. तो बहुधा आकाराने मोठा, गुळगुळीत व चकचकीत असतो आणि त्याच्या शरीराच्या बहुतेक वलयांस पायांच्या दोन दोन जोड्या असतात. तो कुजका पाला खाऊन उत्तम खत करतो. त्यास मारू नये. गोळी उघडेपर्यंत थांबून पाय पाहिले, म्हणजे शंका राहत नाही : सात जोड्या असतील, तर गोळाकिडा, त्याहून पुष्कळ अधिक असतील, तर वाणीचा प्रकार.

गोळाकिड्याचे शरीरधर्म समजून घेतले, की उपायांचे मर्म आपोआप कळते. हा प्राणी पाण्यातून जमिनीवर आला, पण पाण्याची ओढ त्याने सोडली नाही. पोटाच्या मागील बाजूस असलेल्या पानासारख्या अवयवांनी तो श्वसन करतो आणि ते ओलसर राहिले तरच श्वसन चालते. कीटकांच्या अंगावर असतो तसा पाणी रोखणारा मेणाचा थर त्याच्या कवचावर नसतो, त्यामुळे कोरड्या हवेत तो लवकर सुकतो. म्हणून दिवसा तो कुंडीखाली, विटेखाली, पालापाचोळ्यात दडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. मादी आपली अंडी पोटाखालील एका ओलसर पिशवीत बाळगते. त्यातून काही आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. नवजात पिल्लास पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी नंतर येते. कात टाकतानाही तो आधी मागील अर्धे व नंतर पुढील अर्धे कवच टाकतो. त्याचे आयुष्य सामान्यतः दोन-तीन वर्षांचे असते. तो चावत नाही, दंश करीत नाही, रोग पसरवीत नाही.

वैद्यांस कुतूहल वाटेल अशी एक गोष्ट येथे नोंदवतो. सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपातील औषधिकोशांत हे किडे वाळवून वा चूर्ण करून मूत्रविकार, कामला इत्यादींवर देण्याचा प्रघात होता. पुढे तो प्रयोग गळून पडला. आपल्याकडील संहितांतही हा किडा कोठे सापडतो का, हे ताणून शोधण्याचा मोह होण्याचा संभव आहे, तो टाळावा. ग्रंथातील एखादे कीटकनाम ओढून आणून यास चिकटवल्याने ज्ञानात भर पडत नाही. ग्रंथाकडून येथे घ्यावयाची आहे ती विचाराची रीत.

२. संप्राप्ती : सहचर उपद्रवी केव्हा होतो ?

गोळाकिड्याचा मुख्य आहार कुजलेली पाने, लाकूड, अर्धवट कुजलेले शेण हा आहे. बागेतील मृत द्रव्याचे पचन करून ते मातीस परत देणे, हे त्याचे स्वाभाविक कर्म. या अर्थी तो भूमीच्या अग्नीचा साहाय्यकच म्हणावा लागेल. मग तो जिवंत रोपाकडे का वळतो ?

याची प्रमुख कारणे चार आहेत. पहिले, संख्यावृद्धी : ओल, सावली व कुजके अन्न एकत्र आले, की त्याची प्रजा इतकी वाढते, की नेहमीचे अन्न अपुरे पडते. दुसरे, जागेत अचानक होणारा बदल : आच्छादन एकाएकी काढून टाकले आणि त्याच जागी त्याच दिवशी कोवळी रोपे लावली, तर उपाशी किड्यांसमोर तेवढेच अन्न उरते. तिसरे, रोपाची कोवळीक : नुकतेच उगवलेले अंकुर, घेवड्याची व काकडीची रोपे, मुळ्याची दलपत्रे ही मऊ व पाण्याने भरलेली असतात, खोड टणक झाले, की तो सहसा त्यास हात लावीत नाही. चौथे, पूर्वीचे व्रण : फळ जमिनीस टेकून मऊ पडले, मुळ्याच्या माथ्यास चीर गेली, की तेथे तो शिरतो.

दक्षिण अमेरिकेत, विशेषतः अर्जेंटिनात, नांगरट न करता मागील पिकाचे अवशेष तसेच ठेवून सोयाबीन पेरण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा हाच किडा पिकाचा शत्रू म्हणून पुढे आला. अवशेष राखणे जमिनीस हितकर, परंतु त्याच अवशेषांनी किड्यास घर दिले. हितकर गोष्टही देश, काल व मात्रा यांचा विचार सोडला, की अहितकर ठरते, या आपल्या सिद्धान्ताचे हे बोलके उदाहरण होय.

३. निदान : दोषी कोण, हे आधी ठरवावे

सकाळी कुरतडलेले रोप दिसले आणि बाजूस गोळाकिडा सापडला, म्हणजे तोच दोषी, असे अनुमान करणे घाईचे ठरते. व्रणावर माशी बसलेली दिसली, म्हणून व्रण माशीने केला, असे आपण म्हणत नाही. पुष्कळदा रोप बुरशीमुळे बुंध्याशी कुजून आधी कोलमडते आणि कुजका भाग खाण्यास गोळाकिडा मागाहून येतो. म्हणून पुढील लक्षणभेद ध्यानी ठेवावेत.

गोगलगाय : पानांना मोठी, वेडीवाकडी छिद्रे पडतात व जवळपास वाळलेल्या चिकट स्रावाची चकाकणारी रेघ दिसते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीनची कोवळी रोपे मोठ्या प्रमाणावर फस्त झाली, ती गोगलगायींमुळे.

रोपे कापणारी अळी : रोप जमिनीलगत एका घावात कापल्यासारखे आडवे पडलेले असते. मुळाशी माती उकरली, तर इंच-दीड इंच खोलीवर वेटोळे करून पडलेली मातकट अळी सापडते.

रोपांची मर : बुंध्याचा भाग पाणी भरल्यासारखा, तपकिरी व आक्रसलेला दिसतो; कुरतडल्याची खूण नसते. एकाच जागी गोलाकार पट्ट्यात रोपे कोलमडतात.

गोळाकिडा : बुंध्याची साल खरवडल्यासारखी दिसते, जमिनीस टेकलेल्या पानांच्या कडा कुरतडलेल्या असतात, अंकुर मातीतून वर येतानाच खाल्लेला असतो. चिकट रेघ नसते.

प्रत्यक्ष प्रमाण मिळवण्यासाठी रात्री नऊ-दहाच्या सुमारास विजेरी घेऊन वाफा पाहावा. जो खाताना सापडेल, तो दोषी. तरीही संशय उरला, तर उपशयाचा अवलंब करावा. व्याधी गूढलिंग असता तो उपशय-अनुपशयाने पारखावा, हे आपण निदानपंचकात शिकतो. येथे त्याची योजना अशी : दहा रोपांपैकी पाच रोपांभोवती कागदी पेल्याचा तळ काढून केलेले कडे दोन-तीन सेंटिमीटर मातीत रुतवून बसवावे, उरलेली पाच तशीच ठेवावीत. पाणी व खत दोहोंस सारखेच द्यावे. तीन रात्रींनंतर कड्यातील रोपे शाबूत व बाहेरची कुरतडलेली आढळली, तर उपद्रव जमिनीवरून चालत येणाऱ्या प्राण्याचा आहे, हे निश्चित होते. दोन्हीकडील रोपे सारखीच कोलमडली, तर दोष मातीत वा पाण्यात शोधावा. या साध्या परीक्षेस खर्च नाही, आणि निदानाविना चिकित्सा करण्याचा दोषही लागत नाही.

४. चिकित्सा

(अ) अपकर्षण

अपकर्षण म्हणजे ओढून बाहेर काढणे. जे क्रिमी दृष्टीस पडतात, ते हाताने, उपकरणासह वा उपकरणाविना धरून काढावेत, असा चरकांचा अभिप्राय आहे. बागेतही पहिला उपाय हाच.

कच्च्या बटाट्याचे दोन भाग करून आतील गर थोडा कोरून टाकावा व कापलेली बाजू खाली करून, कडेने शिरण्यास जागा राहील अशा बेताने ते संध्याकाळी वाफ्यात ठेवावेत. खरबुजाची साल, ओल्या गोणपाटाची घडी किंवा भिजवून गुंडाळलेले वर्तमानपत्रही चालते. पहाटे, ऊन येण्यापूर्वी, हे सापळे उचलावेत. त्यांखाली जमलेले किडे साबणाच्या पाण्यात झटकावेत. ज्यांस हिंसा नको असेल, त्यांनी ते बागेपासून दूर असलेल्या खताच्या ढिगात सोडावेत. तेथे ते आपले स्वाभाविक कर्म करतात आणि खत लवकर होते.

सापळे एकदा लावून भागत नाही. एका वाफ्यास चार सापळे लावून दररोज सकाळी मोजदाद करावी व आकडे वहीत लिहावेत. संख्या ओळीने उतरत गेली, तर अपकर्षण यशस्वी होत आहे. आठवडाभरात ती उतरली नाही, तर जवळपास कोठेतरी मोठे उगमस्थान आहे, असे समजून ते शोधावे. जुनी फळी, कुंड्यांखालच्या ताटल्या, गटाराची कड, विटांचा ढीग ही नेहमीची उगमस्थाने होत.

बागेतला बेडूक, अंगणातली चिमणी-साळुंकी, पाळलेली कोंबडी हीदेखील अपकर्षणाची साधनेच आहेत. मात्र कोंबडी कोवळी रोपेही उकरते, हे विसरू नये. रोपे लावण्यापूर्वी तिला वाफ्यात मोकळे सोडावे, नंतर नव्हे.

(आ) प्रकृतिविघात

क्रिमी ज्या परिस्थितीत जन्मतात व पोसले जातात, तिच्या विरुद्ध गुणांची योजना करणे हा प्रकृतिविघात. शरीरात कफ व पुरीष यांच्या विरुद्ध कटु, तिक्त, कषाय, क्षार, उष्ण द्रव्ये आपण योजतो. गोळाकिड्याची परिस्थिती कोणत्या गुणांची आहे ? शीत, ओलसर, मंद, सांद्र; अंधारी आणि अर्धकच्च्या मळाने भरलेली. तेव्हा विघात रूक्ष, उष्ण व लघु गुणांनी करावयाचा.

पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी दिलेल्या पाण्याने माती रात्रभर ओली राहते आणि तीच या प्राण्याच्या संचाराची वेळ असते. सकाळी दिलेले पाणी मुळांना मिळते आणि सायंकाळपर्यंत मातीचा वरचा थर सुकतो. झारीने सर्व वाफा भिजवण्याऐवजी ठिबकने किंवा रोपाच्या आळ्यापुरते पाणी द्यावे.

हलकी खुरपणी करून वरचा एक इंच थर भुसभुशीत व कोरडा ठेवावा. वाफ्यावर सकाळचे ऊन पडेल, अशी सावली देणारी फांदी छाटावी. पेरणीपूर्वी आठ-दहा दिवस वाफा उघडा टाकून तापू द्यावा.

निंबोळी पेंड पेरणीपूर्वी मातीत मिसळावी. जमिनीतील अनेक किडींवर तिचा अंकुश राहतो व ती खतही आहे. निंबोळी अर्क (५० ग्रॅम निंबोळी चूर्ण १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून) पाने खाणाऱ्या अळ्यांवर उपयुक्त ठरतो. गोळाकिड्याच्या बाबतीत मात्र यांपासून चमत्काराची अपेक्षा करू नये. जो दिवसभर मातीत दडून असतो व ज्याचे बळ ओलीत आहे, त्यावर फवारणीपेक्षा कोरडेपणाच अधिक परिणामकारक असतो.

राखेचा पट्टा रोपांभोवती देण्याची पद्धत पूर्वापार आहे. राख कोरडी असेपर्यंत ती रूक्ष गुणाने अडथळा करते. पाऊस पडला, की निरुपयोगी होते. शिवाय आपल्या काळ्या जमिनी मुळातच विम्लधर्मी असल्याने वारंवार राख वा चुना टाकल्यास रोपांस अन्नद्रव्ये मिळेनाशी होतात. गोळाकिड्याच्या कवचास चुन्याचीच गरज असते, तेव्हा चुना हा त्यावर भरवशाचा उपाय नव्हे.

(इ) निदानपरिवर्जन

हेतू टाळणे हीच शेवटची व खरी चिकित्सा. अपकर्षण व प्रकृतिविघात यांनी मिळालेले यश हेतुसेवन चालू राहिल्यास टिकत नाही, हे आपण रुग्णांच्या बाबतीत नित्य पाहतो.

पहिले परिवर्जन कच्च्या खताचे. शेणखत पूर्ण कुजलेले, मातीच्या वासाचे, हातात घेतल्यास भुरभुरणारे असावे. ओल्या शेणाचे गोळे व अर्धवट कुजलेला स्वयंपाकघरातील कचरा वाफ्यात थेट टाकणे म्हणजे साम अवस्थेत बृंहण देण्यासारखे आहे. खताचा ढीग भाजीच्या वाफ्यापासून शक्य तेवढा दूर असावा.

दुसरे, अकाली आच्छादनाचे. आच्छादन वाईट नव्हे. ग्रीष्मात ते मातीचे रक्षण करते. वर्षा ऋतूत रोपे लहान असताना मात्र ते खोडापासून वीतभर दूर सारावे, आणि खोड टणक झाल्यावर हळूहळू जवळ आणावे. जसा ऋतू, तशी चर्या. हा नियम वाफ्यासही लागू पडतो. आच्छादन काढावयाचे, तर तेही लावणीच्या दहा-पंधरा दिवस आधी. म्हणजे किड्यांस दुसरीकडे जाण्यास अवधी मिळतो.

तिसरे, रोप फार कोवळे असताना वाफ्यात लावण्याचे. पडवळ, दोडका, दुधी, कारले यांच्या बिया कागदी पेल्यांत वा नारळाच्या करवंट्यांत लावून त्या जमिनीपासून उंच, मेजावर वा फळीवर ठेवाव्यात. चार-पाच पाने आली, की रोप वाफ्यात लावावे व त्याभोवती पूर्वी सांगितलेले कडे पंधरा दिवस ठेवावे. वेल मांडवावर चढवावेत; फळ मातीस टेकू देऊ नये. चाकवत, मेथी, माठ यांसारख्या पालेभाज्या गादीवाफ्यावर कराव्यात, म्हणजे पाणी साचत नाही.

श्रावणात पालेभाजी वर्ज्य करण्याची आपली प्रथा सर्वपरिचित आहे. सततच्या ओलीत जमिनीलगतच्या पानांवर माती, कुज व किडे यांचा संसर्ग किती वाढतो, हे परसबाग करणारा डोळ्यांनी पाहतो. त्या काळात वेलावरच्या फळभाज्यांवर भर द्यावा, असा सल्ला रुग्णास देणे सयुक्तिक होय.

५. काय करू नये

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे पावडरीकडे वळू. आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या एका वृद्ध मधुमेही गृहस्थांनी पथ्यासाठी लावलेल्या दोडक्याची रोपे दोनदा गेली. तिसऱ्या लावणीपूर्वी त्यांनी दुकानातून आणलेली, वर नाव-गाव काही नसलेली पांढरी भुकटी आम्हांस दाखवली व किती टाकावी, असे विचारले. घरात दोन वर्षांची नात होती आणि ती त्याच अंगणात खेळत असे. आम्ही भुकटी वापरू दिली नाही. बटाट्याचे सापळे, सकाळचे पाणी व कागदी कडी एवढेच सांगितले. त्या हंगामात वेल मांडवावर गेले.

हे सांगण्याचे कारण असे, की आपल्याकडे कोणत्याही कीडनाशक भुकटीस जुन्या सवयीने 'गॅमॅक्सिन' म्हणतात व निःशंकपणे वापरतात. त्या नावाने परिचित असलेल्या बीएचसीवर भारतात १९९७ मध्येच बंदी आली. परसबागांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या कार्बारिलवर २०१८ मध्ये, तर फोरेट या अतितीव्र दाणेदार विषावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. तरीही घराच्या माळ्यावर जुने डबे पडून असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना आपण विसरता कामा नये.

गोगलगायींसाठी मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या गोळाकिड्यावरचा उपाय नव्हेत. कुत्र्यांस व लहान मुलांस मात्र त्या घातक आहेत. कोणतेही कीडनाशक घेण्याची वेळ आलीच, तर वेष्टनावरील रंगीत त्रिकोण पाहावा : लाल अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटी हिरवा. काढणीपूर्वी किती दिवस थांबावे, हेही वेष्टनावर लिहिलेले असते. ज्या भाज्यांची पाने रोज खुडली जातात व ज्या वनस्पतींचा ताजा स्वरस काढला जातो, त्यांच्या बाबतीत हे दिवस पाळणे व्यवहारात अशक्यप्राय असते. तेथे विषाचा विचारच करू नये.

विषबाधेचा रुग्ण समोर आल्यास, म्हणजे लाळ गळणे, घाम, उलट्या, बुबुळातील बाहुली टाचणीएवढी होणे, श्वास लागणे अशी लक्षणे दिसल्यास, वेळ न दवडता त्यास वेष्टनासह रुग्णालयात पाठवावे. येथे घरगुती उपचारांस स्थान नाही.

६. वृक्षायुर्वेद व औषधी वाफा

वनस्पतींच्या रोगांचा विचार आपल्या परंपरेत स्वतंत्रपणे झाला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर अध्याय आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते. त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वृक्षांचे रोग वात, पित्त व कफ यांच्या अनुषंगाने मांडले असून किडींवर विडंगादी द्रव्यांचा उपयोग सांगितला आहे. विडंग हे क्रिमिघ्नांत श्रेष्ठ खरे. परंतु आज ते निसर्गात विरळ होत आहे आणि बाजारात त्याच्या नावाने अन्य जातीही विकल्या जातात. बटाट्याच्या फोडीने जे काम होते, त्यासाठी विडंग खर्ची घालणे उचित नव्हे. ते रुग्णांसाठी राखावे.

सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी कशी भूमी पाहून घ्यावी, हे सांगताना वारुळे, खड्डे, स्मशान इत्यादींनी दूषित भूमी वर्ज्य केली आहे आणि क्रिमी, विष, शस्त्र, आतप इत्यादींनी उपहत औषधी घेऊ नये, असे म्हटले आहे. येथे क्रिमी व विष एकाच मालिकेत आले आहेत, हे लक्षात घ्यावे. क्रिमी टाळण्यासाठी विष घातलेली वनस्पती त्या कसोटीस उतरत नाही. ब्राह्मी, मंडूकपर्णी, माका, भुईआवळी या ओलीत व जमिनीलगत वाढणाऱ्या वनस्पतींच्या वाफ्यात गोळाकिडा हमखास आढळतो. तेथे कोरडेपणाचा उपाय पूर्णतः करता येत नाही, कारण वनस्पतीसच ओल हवी असते. अशा वेळी अपकर्षणावर भर द्यावा, वाफ्याच्या कडेचा हातभर पट्टा स्वच्छ व कोरडा ठेवावा आणि कुरतडलेला, पिवळा पाला वेळोवेळी खुडून दूर न्यावा.

आणखी एक मुद्दा. गोळाकिडा तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम हे धातू आपल्या शरीरात साठवतो. म्हणून पर्यावरणाचे अभ्यासक मातीचे प्रदूषण तपासण्यासाठी त्याच्या जातभाईंचा उपयोग करतात. ज्या मातीत किडा धातू साठवतो, त्याच मातीतून वनस्पतीही ते घेऊ शकते. २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनस्पतिज आयुर्वेदीय औषधांसाठी जड धातूंची तपासणी आवश्यक करण्यात आली. आपल्या अंगणातील वाफ्यास ते बंधन नसले, तरी रहदारीच्या रस्त्यालगत, जुन्या बॅटऱ्या वा रंगाचे डबे टाकलेल्या जागी पथ्यभाजी वा औषधी लावू नये, एवढा बोध त्यातून अवश्य घ्यावा.

७. उपसंहार

गोळाकिडा हा बागेचा मूळ व्याधी नव्हे; बहुधा ते बागेतील अतिरिक्त ओल, अपक्व खत आणि अयोग्य वेळी दिलेले आच्छादन यांचे लक्षण असते. केवळ किडे मारून थांबणारा माणूस लक्षणाची चिकित्सा करतो. जो आधी दोषी कोण हे पारखतो, मग हाताने काढतो, नंतर परिस्थिती पालटतो आणि अखेरीस हेतूच टाळतो, त्याच्या वाफ्यात काही गोळाकिडे राहतीलही. पण ते पालापाचोळा खात राहतील आणि रोपे वाढत राहतील. समूळ उच्छेद हे येथील ध्येय नव्हे, साम्य हे ध्येय होय.

वैद्यांनी पथ्यपत्रकाच्या मागील कोऱ्या बाजूस परसबागेविषयी चार ओळी छापाव्यात, अशी आमची सूचना आहे : पाणी सकाळी, खत पूर्ण कुजलेले, कोवळ्या रोपास कडे, आणि अनोळखी भुकटी कदापि नाही. रुग्णाच्या ताटात जे पडणार, त्याची काळजी मातीपासून सुरू होते.

स्वाध्याय

१. अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन यांचे शरीरगत क्रिमींसाठी व परसबागेसाठी प्रत्येकी दोन उपाय लिहून त्यांतील साम्य व भेद स्पष्ट करा.

२. रोप कोलमडण्याची चार कारणे व त्यांची व्यवच्छेदक लक्षणे सांगा.

३. उपशयाच्या तत्त्वावर आधारित कड्यांची परीक्षा आपल्या बागेत करून तीन दिवसांच्या नोंदी ठेवा. दोन्ही गटांस पाणी व खत सारखेच का द्यावे, याचे कारण लिहा.

४. आच्छादन ग्रीष्मात हितकर व वर्षा ऋतूत रोपावस्थेत अहितकर का, हे देश, काल व मात्रा यांच्या आधारे विशद करा.

५. ब्राह्मीच्या वाफ्यात प्रकृतिविघाताच्या मर्यादा कोणत्या ? तेथे उपायांचा क्रम कसा बदलाल ?